सुभेदाराचे उघडे डोळे

ज्याला मुक्या जिवाची माया असते, त्याच्या हातून माणसाची हेळसांड कधी होत नाही. पुंडलिकनगरातल्या श्रीधररावांचंच घ्या. मागच्या वर्षी त्यांच्या पत्नीला, सरोजिनीबाईंना, एकशेतीन ताप होता. श्रीधररावांनी मॅच संपल्याबरोबर चौकशी केली होती.

आज मात्र ते दुपारपासून हॉलमध्ये फरशीवर बसून होते. समोर सरोजिनीबाईंचा बोका, सुभेदार, नसबंदी होऊन भुलीत आडवा. बाई चिकलठाण्याला बहिणीकडे. जाताना म्हणाल्या होत्या, "ऑपरेशनचं खूळ तुमचं. मी येईपर्यंत तो उठला नाही, तर मी तिकडेच राहते."

चार वर्षं श्रीधरराव त्याला 'ते मांजर' म्हणत आले होते. पण बत्तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिला होता: ऊब द्या, मान सरळ ठेवा, श्वास मोजा, नीट चालेपर्यंत खाऊ घालू नका. त्यांनी लगेच तक्ता आखला. वेळ, श्वास, कान गार की गरम, शेरा. उबेसाठी निवृत्तीच्या सत्कारातली शाल काढली. तिचा उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ.

साडेतीनला त्यांचं लक्ष डोळ्यांकडे गेलं. सताड उघडे. पापणी हलेना. जाड शालीखाली पोटही हलताना दिसेना. कान गार.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.

"ऊठ बाबा," ते पुटपुटले. "तुझ्या ताटलीला त्या दिवशी पाय लागला ना, तो चुकून नव्हता लागला."

कामाला आलेल्या साळूबाई झाडू घेऊन दारातच थबकल्या. "काका, कुणाशी बोलता?"

"साळूबाई, गेला तो."

साळूबाईंनी शाल उचलून बोक्याच्या कुशीवर हात ठेवला. "चांगला धपापतोय की. डोळं उघडं हायती म्हणून रडता व्हय?" मग सातवी शिकलेल्या साळूबाईंनी डॉक्टरांचा कागद उलटा केला. "मागं बी लिवलंय. 'भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात. घाबरू नये.'"

बत्तीस वर्षं लोकांना 'मागे पहा' असा शेरा मारून अर्ज परत पाठवणाऱ्या श्रीधररावांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मागे पाहिले.'

पाचला सुभेदारानं मान उचलली. उठला, कलंडला, पुन्हा उठला. श्रीधरराव गुडघ्यांवर त्याच्यामागून, दोन्ही बाजूंना ओंजळ धरून, स्वयंपाकघरापर्यंत रांगत गेले.

सरोजिनीबाई आल्या तेव्हा बोका श्रीधररावांच्या मांडीवर होता.

"कसं आहे मांजर?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

"सुभेदार म्हणा," श्रीधरराव म्हणाले, आणि त्याला नीट घ्यायला गेले. सुभेदारानं त्यांना मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं.

इंजेक्शनला ते रिक्षानं एकटेच गेले. सरोजिनीबाई सुभेदाराचे श्वास मोजत होत्या.