तिसरा पाट

थोरल्याने लोखंडी पाटावर निळा रंग बोटाने पातळ पसरला, दुसरा पाट त्यावर पालथा घातला आणि हलक्या हाताने घासून उचलला. रंग सगळीकडे सारखा उमटला होता.

“जुळले की!” धाकटी म्हणाली.

“जुळणारच,” मधला हसला. “एक पोटात खोल नि दुसरा तेवढाच फुगीर असला, तरी असेच जुळतात. एका माळेचे मणी.”

यंत्रांचे भाग ज्यांवर ठेवून तपासतात, ते सपाट पाट घडवायचा हा कारखाना दोघा भावांचा. धाकटी बहीण परदेशात असायची. आई गेल्यावर ती पोचली. आल्यापासून तिचा एकच प्रश्न होता, आईने माझी आठवण काढली का? आईची वाचा गेली होती, तिने काही खूणही केली नाही, असं थोरला म्हणाला. मधल्याने री ओढली. दोघेही खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते, म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

थोरल्याने आता पहिल्यावर तिसरा पाट घासला. रंग फक्त मधोमध लागला.

“हा बघ फुगवटा.”

“पण दादा, हा तिसरा तरी खरा कशावरून?”

“कशावरूनच नाही. तोही वाकडाच. तिघांना आळीपाळीने एकमेकांवर घासायचं, उंचवटे खरवडायचे. प्रत्येकाचं उरलेल्या दोघांशी जुळलं, की तिन्ही सपाट. मग त्यांना वाकडं राहताच येत नाही.”

धाकटी बघतच राहिली. वरून कोणी माप आणून दिलेलं नाही, आधीचा कुठला सरळ नमुना नाही, आणि तीन वाकड्यांतून सरळ निघतं! इतकी वर्षं हे आपल्या घरात चाललं होतं आणि आपण फक्त घासण्याच्या आवाजाला वैतागलो.

मधला खरवडलेला चुरा तळव्याने पुसत होता, गोल गोल. त्याचा हात थांबला.

“आई शेवटी चादरीवर असाच हात फिरवायची बघ.”

“तळमळ होती ती,” थोरला म्हणाला.

“तळमळच.”

“कुठल्या बाजूला?” धाकटीने विचारलं.

“भिंतीकडे. रिकामीच होती ती बाजू.”

“आणि मग थोपटायची?”

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

“थोपटायची,” मधला हळूच म्हणाला.

“लहानपणी तुम्ही दोघे माळ्यावर झोपायचात. मी तिच्याजवळ, भिंतीकडे. अशीच पाठ चोळायची माझी. डोळा लागला की थोपटून हात काढून घ्यायची.”

मधल्याने पाटावरचा हात उचलला नाही.

“तळमळही असेल,” तिनेच डोळे पुसले. “माझं तरी खरं कशावरून?”

थोरल्याने फडक्याला हात पुसले आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं.

“बस,” तो म्हणाला. “ती आजारी पडली तिथपासून सांगतो. कुठे जुळत नाही असं वाटलं, की थांबव.”