व्हॉल्व्ह बघून येतो

"तुमच्या कपाला झोप लागली का काय, आबाराव?" कस्तुराबाईंनी विचारलं, तेव्हा चहावर साय धरली होती.

आबारावांनी कप खाली ठेवला नाही. पंपघरात जमलेल्या पाच गावांचा कारभार त्या एका कपावर अडला होता.

ईट गावाकडच्या या पाच गावांची मिळून एक पाणीयोजना. प्रत्येक गावाचा एक माणूस समितीवर. फार पूर्वी इथं हात वर करून मतदान झालं होतं. हरलेल्या गावानं दुसऱ्याच दिवशी पाइप फोडला. तेव्हापासून मतदान बंद. अध्यक्षांनी ठराव सांगायचा, चहा फिरायचा, आणि कुणी 'न्हाय' न म्हणता सगळे कप खाली टेकले, की एकमत. ज्याला ठराव पटत नाही, पण गावांचं पाणीही तोडायचं नाही, त्यानं "व्हॉल्व्ह बघून येतो" म्हणून उठायचं. तो परत येईपर्यंत एकमत होऊन गेलेलं असायचं. आबारावांची दिल्लीत शिकणारी पुतणी दीक्षा एकदा म्हणाली होती, "काका, शेजारशेजारच्या देशांच्या संघटना अशाच चालतात. तिथं व्हॉल्व्ह नसतो, एवढंच."

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आबाराव इतक्यांदा बाहेर गेले होते, की व्हॉल्व्हचं चाक त्यांच्या तळव्यानं गुळगुळीत झालं होतं. एवढा समजूतदारपणा कुठंतरी जमा होत असणार, आणि आण्णासाहेब अध्यक्षपद सोडतील त्या दिवशी व्याजासकट हाती येणार, असा त्यांचा हिशोब. आज आण्णासाहेबांनी पद सोडलं. आणि नाव घेतलं योगीराजचं.

योगीराज! परवा समितीवर आलेलं पोरगं. तो काहीही बोलला तरी सगळे हसतात. आज तर त्याच्या कपात चहासुद्धा जरा जास्तच ओतलेला दिसत होता.

"आबा, व्हय म्हना नायतर न्हाय म्हना," बसवराज वैतागला. "अध्यक्षाच्या सहीबिगर मोटार दुरुस्तीला जात न्हाय. तिकडं बाया घागरी घिऊन बसल्यात."

"चहा लई गरम हाय," आबाराव म्हणाले.

योगीराज उठला. "आबा, तुमी बसा निवांत. म्याच व्हॉल्व्ह बघून येतो."

आबारावांनी त्याला दाराबाहेर पडताना पाहिलं. मोठेपणा तेवढा आपला होता, तोही पोरानं उचलला! मग ध्यानात आलं, उमेदवारच बाहेर गेला. आता कुणीही कुणाचंही नाव घ्यावं, त्याची हरकत नाही. फक्त घ्यायला हवं. आपलं नाव आपणच घ्यायची पद्धत नव्हती.

आबाराव थांबले. आण्णासाहेब चष्मा पुसत राहिले. बसवराजला पत्र्यावर काहीतरी दिसलं. कस्तुराबाईंनी पदर सारखा केला, मग परत एकदा केला. एरवी या खोलीत न बोलण्याचा अर्थ होकार असायचा.

आबारावांनी सायीसकट चहा एका घोटात संपवला आणि कप खाली टेकवला.

"एकमतानं मंजूर," आण्णासाहेब म्हणाले.

बाहेर योगीराज खड्ड्यात वाकून भलत्याच व्हॉल्व्हचं चाक धरून उभा होता.

"आबा, कोन झालं?"

"त्यो टाकी धुवायचा हाय. आपला ह्यो." आबाराव खाली उकिडवे बसले. "जा आत. अध्यक्षाला उठून बाहेर येता येत न्हाय."

योगीराज गेला. मोटार बंद होती. व्हॉल्व्हमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. गुळगुळीत चाकावर हात ठेवून आबाराव बराच वेळ बघत राहिले.