ब्रॉफीचा कर्णा

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. माझी दया येऊ देऊ नका, मित्रांनो. आधी ऐका, मग ठरवा.

लॉस एंजेलिसच्या एका पत्रेवाल्याने मला घडवले आणि कॉर्नेलियस ब्रॉफीने तोंडाला लावले. तेव्हा चित्रपट मुके होते. नुसत्या विनोदी चित्रपटांसाठी कंपनी काढणारा तिथे हाच पहिला. थोबाडे केकने माखत, पोलीस तळ्यात कोसळत आणि सारे जग हसे. चित्रे मुकी होती, ब्रॉफी नव्हता. "अरे मढ्या, पडतोस की बटाट्याचं पोतं टाकतोस? पुन्हा!" त्याची प्रत्येक शिवी माझ्यातून मोठी होऊन बाहेर पडे. वर्तमानपत्रे त्याला हास्याचा राजा म्हणत. त्याच्या थुंकीने माझी कड गंजली, हे मात्र कुणी छापले नाही.

हेझल प्रुइट ही त्याची सर्वांत गुणी नटी. एकदा स्टोव्ह फुटण्याचा प्रसंग होता. स्फोटाची दारू किती भरली ते नटाला सांगायचे नाही, ही ब्रॉफीची रीत.

कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवणारा ओटो म्हणाला, "साहेब, एवढी दारू? पोरीला सांगू तरी."

"सांगितलंस तर अभिनय करील. मला भीती हवी. तू फिरव!"

स्टोव्ह फुटला. हेझल कान धरून किंचाळत खाली बसली. ओटोचा हात थबकला, तशी माझ्यातून आरोळी सुटली, "फिरवत राहा!" 'थांबा' हा शब्दही मी तेवढाच मोठा केला असता. पण तो माझ्यात कुणी घातलाच नाही.

पडद्यावर किंकाळी ऐकू येत नव्हती. लोक पोट धरधरून हसले. ब्रॉफीचा तोच चित्रपट सगळ्यांत जास्त चालला.

हेझलचा डावा कान गेला, उजवा अर्धा राहिला. तरी मी बोंबलत होतो तोवर तिचे काम निभावले. मग बोलपट आले. पहिल्याच दिवशी ब्रॉफी सवयीने माझ्यातून गरजला. ध्वनियंत्रावरचा माणूस ताडकन उठला. "तो डबा फेका बाहेर! आणि या आजोबांनाही!" मी कचऱ्यात गेलो. हळू दिलेल्या सूचना हेझलला ऐकू येईनात, म्हणून तिलाही घरी पाठवले. जाताना तिने मला उचलून नेले.

पुष्कळ वर्षांनी ब्रॉफी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. जुन्या निर्मात्यांचा सत्कार ठरला होता आणि ओटोने स्टोव्हची गोष्ट बाहेर सांगितल्यामुळे याचे नाव अडले होते.

"चार शब्द बोल, हेझल. माझ्याकडे कुणाला इजा झाली नाही, एवढंच."

हेझलने मला उलटा धरला. अरुंद तोंड कानाला, रुंद तोंड त्याच्याकडे.

"परत सांग, ब्रॉफी. ऐकू नाही आलं."

त्याने परत सांगितले.

"अजून एकदा."

या वेळी तो 'कुणाला' या शब्दावर अडला. त्याचा इतका बारीक आवाज माझ्यात कधी शिरला नव्हता. "दारू जास्त होती. मला ठाऊक होतं."

"हे आलं ऐकू," हेझल म्हणाली. "सत्काराला जाऊन हेच सांग. टोपी उचल. दार तिकडे आहे."

सत्काराला तो गेलाच नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. हेझल ते रोज करते. पण तुमच्या हाती कधी कर्णा आला, तर तोंडाला लावण्याआधी एकदा उलटा धरून पाहा. ब्रॉफीने एवढ्या वर्षांत तेवढे एकच केले नाही.