तीन ओळींची शिफारस

दिगंबर उकिडव्यांनी रिसीव्हर डाव्या कानावरून काढून उजव्या कानाला लावला.

"परत सांग," ते म्हणाले.

फोनवर चारुदत्त होता. पुण्याला एमएस्सीला दोघं एका बाकावर बसत. आता चारुदत्त अमेरिकेत उत्तरेकडच्या एका मोठ्या विद्यापीठात गणित शिकवत होता आणि पीएचडीसाठी मुलं निवडणाऱ्या कमिटीवरही होता. फोन त्यानं केला होता भलत्याच कामासाठी. जुलैत मुलाची मुंज होती, तेव्हा उकिडव्यांनी आणि सुलभावहिनींनी आठ दिवस आधीच यावं, असा आग्रह चालला होता. त्या आग्रहातच तो सहज बोलून गेला, की तुझ्या त्या विद्यार्थिनीचं जमलं नाही यार, वाईट वाटलं, पण तू पत्रच तसं लिहिलंस तर मी तरी काय करणार?

"तसं म्हणजे कसं?"

चारुदत्त जरा घुटमळला. मग म्हणाला, की बाकीच्या मुलांची पत्रं दोन-दोन पानांची होती. वीस वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही, हा उद्याचा मोठा गणिती, असं काय काय त्यात होतं. तुझ्या पत्रात तीन ओळी, आणि त्यातली एक तिचा दोष सांगणारी. मुलीचे मार्क उत्तम होते. पण कमिटीतला एक जण म्हणाला, की हिचा स्वतःचा मास्तरच हिच्या पाठीशी उभा नाही. आणि त्या कॉलेजातून आलेली मुलगी म्हटल्यावर लोकांना निमित्तच हवं होतं.

"अरे, पण तुला तर माहीत होतं!" उकिडवे म्हणाले. "आपल्या सरांची पत्रं कशी असायची, तुला माहीत होतं."

"मला वाटलं, तुला तिला पाठवायचीच नसेल. तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून असं लिहिलं असशील. मग मी आपला मूग गिळून बसलो."

मुंजीला येतो की नाही, हे न सांगताच उकिडव्यांनी फोन ठेवला. सुलभाबाई आतून त्यांचा काळा झगा इस्त्री करून घेऊन आल्या, कारण आज कॉलेजचा पदवीदान समारंभ होता. तोंड का उतरलंय, असं त्यांनी विचारलं. डोकं दुखतंय, असं सांगून उकिडव्यांनी झगा हातावर टाकला आणि गाडी काढली.

ते राहत त्या कॅरी गावापासून टॉलिव्हर कॉलेज तासाभराच्या अंतरावर. सगळा रस्ता तंबाखूच्या शेतांमधून जातो. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः विटा भाजून ते कॉलेज बांधलं होतं, कारण त्यांच्या मुलांना दुसरीकडे कोणी दारात उभं करत नव्हतं. १९७१ साली पीएचडी हातात घेऊन उकिडवे नोकरीसाठी वणवण फिरले, तेव्हा त्यांनाही दारात उभं केलं ते याच कॉलेजनं. आता पंच्याऐंशी साल होतं. कंपन्यांमधून मोठ्या हुद्द्यांवर असलेल्या कॅरीतल्या मराठी मंडळींत कोणी विचारलं की अजून तिथेच का, तर उकिडवे म्हणत, छोटं कॉलेज आहे, बरं आहे. आणि विषय बदलत. कशाला खोटं बोला, काळ्या मुलांचं कॉलेज आहे हे त्यांनी त्या मंडळींत चौदा वर्षांत आपणहून एकदाही सांगितलं नव्हतं.

तिथली रीत मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली होती. टॉलिव्हरमध्ये मास्तर कुठल्याही मुलाला नुसत्या नावानं हाक मारत नसे. बाहेरच्या जगात ज्यांच्या आईबापांना पन्नाशी उलटली तरी लोक 'ए पोरा', 'ए पोरी' म्हणत, त्यांची मुलं इथे मिस्टर आणि मिस होती. म्हणून फोनवर जिचा विषय निघाला ती ओडेसा मॅकनील त्यांच्यासाठी चार वर्षं मिस मॅकनीलच होती. तिला आणि इतर मुलांना उकिडवे हे नाव काही केल्या म्हणता येईना, म्हणून ते इंग्रजीतल्या पहिल्या अक्षरावरून डॉक्टर यू झाले होते.

ही मुलगी पहाटे कॉलेजच्या खानावळीत अंडी तळायची आणि आठ वाजता पहिल्या बाकावर बसलेली असायची. अंगाला तेलाचा वास येत असायचा. दुसऱ्या वर्षाला तिनं एका प्रमेयाची अशी सिद्धता मांडली की उकिडवे ती कागदावर उतरवून घरी घेऊन आले आणि जेवण होईपर्यंत त्या कागदाकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी वर्गात ते तिला म्हणाले, दोन पायऱ्या गाळल्या आहेत, त्या भरा. बस्स, इतकंच.

आता यातलं कौतुक मुलीला कळावं कसं? पण उकिडव्यांना दुसरं येतच नव्हतं. आपल्या लेकराचं कौतुक आपण करू नये, त्यानं पोर शेफारतं आणि नजरही लागते, हे त्यांना पाळण्यात शिकवलेलं. पुण्याला पुरुषोत्तमसरांनी त्यांना अमेरिकेसाठी शिफारसपत्र दिलं, तेही दोन ओळींचं. दिलेलं काम करतो, विसंबायला हरकत नाही. त्या दोन ओळी घेऊन उकिडवे रस्ताभर हवेत चालत घरी गेले होते. ओडेसासाठी त्यांनी त्याहून एक ओळ जास्तच लिहिली होती. मिस मॅकनील चार वर्षं माझ्या विद्यार्थिनी आहेत. सर्व काम त्यांनी स्वतः केलेलं आहे. मांडणीत त्या घाई करतात, परंतु योग्य मार्गदर्शनाने हा दोष जाईल. एक दोष सांगितला म्हणजे बाकीचं खरं मानलं जातं, अशी त्यांची समजूत. हेच पत्र तीन विद्यापीठांना गेलं होतं, आणि तिन्हीकडून नकार आला होता.

गाडी चालवता चालवता त्यांना कळलं. पुरुषोत्तमसरांच्या दोन ओळी चालल्या, कारण त्या वाचणाऱ्याला पुरुषोत्तमसर कोण ते ठाऊक होतं. टॉलिव्हरचा उकिडवे कोण, हे कोणाला ठाऊक होतं?

आणि मार्च महिना आठवला तेव्हा तर त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. तिसरा नकार आला त्या दिवशी ओडेसा त्यांच्या खोलीत येऊन रडली होती. त्यांना आमच्यासारखी माणसं नकोच असतात, असं म्हणाली होती. उकिडव्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला होता आणि म्हटलं होतं, हो, जग असंच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा, असंही सुचवलं होतं. तिनं मान हलवली होती. एकदाच दार ठोठावायचं असं तिनं घरी ठरवलं होतं. आता ती गावी जाऊन शाळेत शिकवणार होती. ग्लासातलं पाणी ती सगळं प्यायली आणि आभार मानून गेली.

समारंभ हिरवळीवर ओकच्या झाडांखाली होता. एका पोराची पदवी पाहायला वीस-वीस माणसं आली होती, बायकांच्या डोक्यांवर मोठाल्या टोप्या, हातात कागदी पंखे. सर्वांची नावं वाचून होईपर्यंत टाळ्या वाजवू नयेत, असं कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी छापलेलं असे आणि दरवर्षी ते कोणी जुमानत नसे. प्रत्येक नावाला कुठून तरी एक आख्खं कुटुंब उठे आणि ओरडे, ती आमची! उकिडव्यांना चौदा वर्षं हा आरडाओरडा जरा अतीच वाटत आला होता. आज ओडेसा मॅकनीलचं नाव आलं, मागच्या रांगेतून तिची माणसं उठली, आणि उकिडव्यांना मान वर करून तिकडे बघवेना.

समारंभ संपल्यावर त्यांना निघून जायचं होतं. पण ओडेसा गर्दीतून वाट काढत आली, आजीला हाताला धरून. आजी मिसेस पर्ल मॅकनील. सारा जन्म तिनं तंबाखूच्या कारखान्यात पानं निवडण्यात घालवला होता आणि आईवेगळ्या नातीला तिनंच वाढवलं होतं. तिनं उकिडव्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"चार वर्षं जेवायला बसलं की तुमचंच नाव ऐकतेय, डॉक्टर," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा. कशी आहे माझी नात?"

बरी आहे, कष्टाळू आहे. शब्द अगदी ओठांवर येऊन थांबले होते. पण सकाळपासून आत जे उकळत होतं, त्यानं ते बाजूला सारले.

"मिसेस मॅकनील, चौदा वर्षं मी इथे शिकवतोय. हिच्यासारखी विद्यार्थिनी मला मिळाली नाही. माझ्या देशात मी ज्यांच्याबरोबर शिकलो, त्यांच्यातही हिच्या तोडीचं कोणी नव्हतं. मी स्वतःही नाही."

आजीनं डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले. मग तिनं काकांना, आत्यांना हाका मारल्या आणि डॉक्टरांना ते परत सांगायला लावलं. उकिडव्यांनी परत सांगितलं. दुसऱ्यांदा तर ते अगदीच सोपं गेलं. इतकं सोपं होतं हे! आजी आत्यांकडे वळून तेच वाक्य आपल्या शब्दांत, थोडं वाढवून सांगू लागली, आणि तेव्हा कुठे उकिडव्यांनी ओडेसाकडे पाहिलं.

ती हसत नव्हती.

"हे तुम्ही पत्रात लिहिलं होतंत?" तिनं हळूच विचारलं.

"नाही."

"मग काय लिहिलं होतंत?"

ती तीन वाक्यं त्यांना पाठ होती. त्यांनी ती जशीच्या तशी म्हटली. ओडेसा खाली गवताकडे बघत ऐकत राहिली. तिच्या टोपीचा गोंडा वाऱ्यानं गालावर येत होता, तो तिनं बाजूला केला नाही. हे आपल्याला आज सकाळीच कळलं, असं उकिडवे म्हणाले. आपण पुन्हा पत्र लिहू, दोन पानांचं लिहू, लागेल तेवढं लिहू, तिन्ही ठिकाणी स्वतः फोन करू, असं ते भराभर बोलत गेले. पुण्याची, सरांची, घरच्या शिकवणुकीची सगळी हकिकत जिभेवर आली होती. पण ती या मुलीपुढे कशी ऐकू येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मध्येच थांबले.

"मार्चमध्ये मला वाटलं होतं, मीच पुरेशी हुशार नाही," ओडेसा म्हणाली. "त्यांना आमच्यासारखी माणसं नकोत, हे मी तुमच्यापुढे नुसतं म्हणत होते. खरं मला तेच वाटलं होतं."

उकिडव्यांनी हातातली कार्यक्रमपत्रिका दुमडली.

"मलाही तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत, डॉक्टर यू."

तेवढ्यात तिचे काका कॅमेरा घेऊन आले. आजीनं हुकूम सोडला, की डॉक्टरांचा आणि नातीचा एक फोटो पाहिजेच, तो ती दिवाणखान्यात लावणार आहे. तिनं स्वतः उकिडव्यांच्या झग्याची कॉलर सरळ केली, त्यांना झाडाखाली नेऊन उभं केलं आणि ओडेसाला त्यांच्या शेजारी बोलावलं.

ओडेसा आली. तिनं आजीचा हात धरून तिला पुढे ओढलं. आजी म्हणत होती, अगं मी कशाला मध्ये, तुमच्या दोघांचा हवाय. ओडेसानं काही ऐकलं नाही. आजीला तिनं उकिडव्यांच्या शेजारी उभं केलं आणि आपण आजीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.