साहेब आले तेव्हा वेग चांगला होता

मित्रांनो, आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीला ठोकलेली इंटरनेटची पांढरी पेटी म्हणजे मी. पांढरी कसली! धुळीनं आणि पालींनी माझा रंग कधीच खाल्ला. सोनाळ्याच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. डोंगराच्या आडोशाला मोबाईलची रेंज मिळत नाही, म्हणून तर मला आणलं. केसाएवढ्या काचेच्या तारेतून माझ्याकडं उजेड येतो. मी त्याचे आवाज आणि चित्रं करते.

मला बसवलं त्या दिवशी सरपंच हिंमतरावांनी नारळ फोडला. मग शकुंतला सिस्टर रुग्णाला पडद्यासमोर बसवू लागली आणि जिल्ह्याच्या गावची डॉक्टरबाई त्याला तिथून तपासू लागली. गरोदर बायांचे एसटीचे हेलपाटे वाचले. तेव्हा माझं फार कौतुक झालं.

पुढं वायफाय जोडून त्याच तारेवर अख्खं गाव बसलं. त्याचा मला राग नाही. लेकरांचा अभ्यास, सिनेमा, क्रिकेट, सगळं लोकांचंच आहे. पण दुपारी इतकी गर्दी व्हायची की डॉक्टरबाई बोलता बोलता दगडासारखी थिजायची. माझ्यात एक सोय होती. दवाखान्याचं बोलणं आधी सोडायचं, बाकीच्यांना जरा थांबवायचं. रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला वाट देतात ना, तसं. ती सोय कोणी चालूच केली नव्हती.

एकदा कंपनीचे साहेब माझी तपासणी करायला येणार होते. आपल्याकडं साहेब येणार म्हटलं की गटाराच्या कडेनं चुना मारतात. गटार तसंच राहतं. हिंमतरावांनी गल्लीगल्लीत आरोळी दिली, "पोट्टेहो, साहेब जाईपर्यंत मोबाईल बंद ठेवा बे! गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!"

"सरपंच, माह्या मोबाईलात तर कालपासून नुसतं चाक फिरून राह्यलं," एकजण म्हणाला. "त्याले बंद काय करू?"

लोक हसले आणि इमानदारीत बंद करून बसले. साहेबांनी वेग मोजला. "वा! एवढा तर माझ्या घरी येत नाही. काही अडचण?"

"सर, दुपारच्या वेळी डॉक्टरबाईचं..." सिस्टर बोलू लागली.

"सिस्टर, साहेबाच्या चहाचं पाहा," हिंमतराव म्हणाले.

सिस्टर चहाकडं गेली. साहेबांनी 'उत्तम' असा शेरा मारला आणि माझं झाकण न उघडताच निघून गेले. गावाची इज्जत राहिली.

त्याच वर्षी बीटीच्या कापसात गुलाबी अळी शिरली. बियाण्याच्या पाकिटावर तर अळी लागणार नाही असं छापलं होतं! सुगराबीचा मुलगा जाकीर दोन औषधं एकत्र करून, तोंडाला नुसता रुमाल बांधून, डोक्याएवढ्या उंच कपाशीच्या पऱ्हाटीत फवारत होता. भर दुपारी त्याला बाजेवर घालून आणलं. तोंडातून फेस, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"सिस्टर, माह्या पोराले वाचव वं!" सुगराबी ओरडत होती.

विषावरचं इंजेक्शन कपाटात होतं. किती द्यायचं, ते डॉक्टरबाई सांगणार होती. तिनं पडद्यावर तोंड उघडलं आणि ती तशीच थिजली. पुन्हा लावलं. पुन्हा थिजली. मित्रांनो, मी सगळा जोर लावला. पण मला निवडता येत नव्हतं. जाकीरचा जीव आणि क्रिकेटची मॅच माझ्या दारात एकाच रांगेत उभे होते.

सिस्टर बाहेर धावली. "मोबाईल बंद करा रे! सगळे बंद करा!"

माझ्या भिंतीखाली मॅच पाहण्यात गुंग झालेल्यांनी मानसुद्धा वर केली नाही. एकानं विचारलं, "काऊन सिस्टर, आज कोनता साहेब येऊन राह्यला?"

"साहेब नाही रे! जाकीर मरून राह्यला!"

मग एकेक मोबाईल बंद झाला. डॉक्टरबाई हलली, बोलली. सुई टोचली. जीपही आली. पण जळगाव जामोदच्या अलीकडंच जाकीर गेला.

जाकीर गेल्याचं कळल्यावर साहेब पुन्हा आले. या वेळी त्यांनी माझं झाकण उघडलं आणि ती सोय चालू केली. चहा निवायच्या आत काम झालं. एवढंसंच काम होतं ते! आता कितीही गर्दी होवो, दवाखान्याचा आवाज तुटत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, नारळ फोडू नका, हळदकुंकू लावू नका. तपासायला माणूस आला की त्याला माझं दुखणं दाखवा. जी दुपार तुम्ही रोज भोगता, तीच त्याला भोगू द्या. लपवून इज्जत राहत नाही, माणूस जातो. आणि साहेबांनो, वेग मोजायचा तर गर्दीत मोजा. रिकाम्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा जोरात पळते.

परवा सुगराबी बीपीच्या गोळ्या घ्यायला आली. सिस्टरनं तिला पडद्यासमोर बसवलं. डॉक्टरबाईचा चेहरा आरशासारखा लख्ख दिसत होता.

"आजी, माझा आवाज येतोय ना?" तिनं विचारलं.

सुगराबीनं पदर सावरून पडद्याकडं पाहिलं.

"आता येऊन राह्यला, बाई."