पाठमोरी खुर्ची

"आज पण नाही, काका." इथे जेवणाखाण्याचं बघणाऱ्या ताईनं ताटली माझ्यापुढे धरली. भात तसाच होता, मधोमध चमच्याचा एक खड्डा. "हा खड्डापण मीच पाडलाय."

ठकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ठकी म्हणजे माझी मुलगी. वय छत्तीस. बोलत नाही. नको असलं की तोंड फिरवते, अगदीच नको असलं की ताटली ढकलते. तिची आई जाऊन दोन महिने झाले आणि ठकीला इथे येऊन सहा दिवस. या जागेला सगळे घरच म्हणतात. आठ माणसं, प्रत्येकाला आपली खोली, आणि आत येण्याआधी दार वाजवायची पद्धत. घरीही दोन महिने मी कसंबसं दूध-बिस्किटांवरच भागवलं होतं; इथे सहा दिवस ठकी नुसत्या दुधावर होती.

इथला कारभार बघणाऱ्या मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "काका, पंधरा दिवस बघायचं ठरलंय आपलं. तिच्या पोटात काही गेलंच नाही तर आम्ही जबाबदारी कशी घेणार?"

इथे जमलं नाही तर दुसरी जागा म्हणजे गावाबाहेरची मोठी संस्था. मी ती बघून आलो होतो. एका हॉलमध्ये चाळीस खाटा. जबडा धरून भरवत होते. भरवणारी बाई वाईट नव्हती, घाईत होती. घरी न्यावं तर मी बहात्तरचा. गेल्या महिन्यात तिला आंघोळ घालताना दोघंही घसरून पडलो होतो. पण त्या हॉलमध्ये तिला टाकणार नाही, हे माझं ठरलेलं होतं.

ताईनं कपाटातून कागद काढला. पहिल्या दिवशी मीच भरलेला. वर छापलेलं होतं, 'माझ्याबद्दल'. जेवणाच्या चौकटीत माझं अक्षर: 'शेजारी बसावं. लक्ष ठेवावं. ठसका लागतो.'

"आम्ही तेच करतोय," ताई म्हणाली. "आई अशाच बसायच्या ना?"

"हो," म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका, नक्की?"

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

तीस वर्षं मी बसडेपोत गाड्या दुरुस्त केल्या, बहुतेक दुसरी पाळी. घरी यायचो तेव्हा ठकी जेवून झोपलेली असायची. सुट्टीच्या दिवशी जेवणवेळ झाली की बायको म्हणायची, "तुम्ही जरा फेरी मारून या. पोट बघा केवढं सुटलंय." मी मुकाट्यानं जायचो. पोट काही कमी झालं नाही.

"मग चूक ठकीची नाही, कागदाची आहे," ताई म्हणाली. "वर 'माझ्याबद्दल' लिहिलंय, काका. हे तुमच्याबद्दल झालं. तिचं शोधून आणा."

शोधून आणा! जिला विचारायचं तीच नाही. पण डेपोत मी एकच गोष्ट शिकलो. गाडी का बंद पडली ते गाडी सांगत नाही, रोज चालवणारा सांगतो. तो नसेल तर त्याला रोज बघणारा.

समोरच्या इमारतीत एक रिटायर मास्तरीणबाई राहतात. त्यांची खिडकी आमच्या खिडकीसमोर. दुसऱ्या दिवशी मी जिना चढून गेलो.

"तुमची बायको होय?" त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण बाई भारी तोऱ्याची! रोज संध्याकाळी खिडकीकडे तोंड करून बसायची. मी हात करायची, तर ओळख म्हणून द्यायची नाही. वर्षानुवर्षं! मीपण मग हात करणं सोडून दिलं."

"आणि मुलगी?"

"ती मागे, टेबलाशी. हिची पाठ तिच्याकडे. मला वाटायचं, दमत असेल बिचारी, तेवढीच सुटका."

माझी बायको तोऱ्याची नव्हती. दूधवाल्यालासुद्धा ती नाव घेऊन हाक मारायची.

संध्याकाळी घरी आलो. तिची खुर्ची खिडकीशीच होती, दोन महिन्यांत मी हलवली नव्हती. त्या खुर्चीवर बसलो. बाहेर अंधारून आलं तसा दिवा लावला आणि परत येऊन बसलो. खिडकीच्या काचेत आमचं टेबल दिसत होतं. ठकीची खुर्ची, पाण्याचा तांब्या, सगळं. मास्तरीणबाई मात्र दिसत नव्हत्या.

 म्हटलं, अगं, एकदा तरी सांगायचंस. मग म्हटलं, मी एकदा तरी विचारायचं.

सकाळी ताईला सगळं सांगितलं. ती हसली नाही. जेवणघरात काचेच्या दाराचं कपाट होतं. आम्ही दोघांनी ठकीचं टेबल सरकवून कपाटाच्या समोर आणलं. इतरांची जेवणं आटोपल्यावर ठकीला बसवलं.

"आज मी बसतो," मी म्हणालो.

"नको, काका. तुम्ही रोज येणार का? मी बसते."

बरोबर होतं तिचं, पण लागलं. मी दाराबाहेर, जिथून फक्त ताई दिसत होती, तिथे उभा राहिलो.

ताई ठकीकडे पाठ करून बसली, कपाटाकडे तोंड. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. आतून कुणाच्या तरी खोलीतला रेडिओ ऐकू येत होता. माझे गुडघे दुखायला लागले, तरी हललो नाही.

मग चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला. थांबला. परत आला.

ताईची मान जराही वळली नाही. एकदा ठसका लागला, तेव्हा ती समोर बघतच हळू म्हणाली, "पाणी डाव्या हाताला आहे गं." ग्लास उचलल्याचा आवाज आला. मग पुन्हा चमचा.

ताटली अर्धी रिकामी झाली होती. ताईनं नवा कागद घेतला आणि मला लिहायला दिला. मी लिहिलं, 'मी जेवताना माझ्याकडे पाठ करून बसा. काचेतून बघितलं तर चालतं.' खाली सही करणार होतो, केली नाही.

घरी आलो. भात टाकला, ताट वाढून घेतलं आणि खिडकीशी, तिच्या खुर्चीवर बसलो. समोर मास्तरीणबाईंच्या घरात दिवा होता. मी त्या दिशेनं एकदा हात केला.

काचेत एक म्हातारा एकटा जेवायला बसला होता. मी नजर खाली घेतली. जेवताना कुणी बघितलेलं मलाही आवडत नसावं. पोरीनं माझंच घेतलंय.