खालचा अर्धा तास

तपासणीच्या बाईंनी एका नाकपुडीवर नळीची चिकटपट्टी दाबली. मग मास्क चेहऱ्यावर घट्ट बसलाय ना, हे कडेकडेने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या,

"तोंड मिटा. नेहमीसारखा श्वास घ्या. मला खूश करायला जोरात नको."

पडद्यावर रेघ उमटली. मग दुसऱ्या नाकपुडीची. दोन्हींतून मिळून सेकंदाला सहाशे घनसेंटिमीटर हवा. नॉर्मल. या शिलाईवालीचा वर्षभरातला हा तिसरा नॉर्मल, आणि आजच्या रिपोर्टवर डॉक्टर तिची फाइल बंद करणार होते.

"झालं समाधान?" तिचा नवरा म्हणाला. तो बस चालवायचा, ड्युटीला उशीर होत होता. "नाक चोंदलं म्हणून तीन वर्षं रात्र रात्र उठून बसते. नाकी नऊ आणलेत आमच्या. सगळे मनाचे खेळ."

ती नुसती मशिनकडे बघत राहिली.

बाई तीस वर्षं लोकांच्या नाकातली हवा मोजत होत्या. चाचणीआधी अर्धा तास स्वस्थ बसायचं, हा त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सर्दी झालेल्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी एकदा घड्याळ लावून बसवलं होतं.

"आत्ता कसं वाटतंय नाकाला?" त्यांनी विचारलं.

"आत्ता बरंय. इथं आलं की बरंच वाटतं हो. घरी गेलं की पुन्हा तेच."

"घ्या! ऐका!" नवरा हसला.

बाई हसल्या नाहीत. सहीसाठी उचललेलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"अर्धा तास कुठे बसलात?"

"खाली, हॉलमध्ये. शिपायाने वेळ लिहून दिली ना."

"आणि वर कशा आलात?"

"जिन्याने. लिफ्ट बंद आहे. मागे दोन्ही वेळी बंदच होती."

चार मजले! बाईंनी कपाळावर हात मारला. धाप लागली की चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं होतं, हे त्या नव्या मुलींना दरवर्षी शिकवायच्या. पण दीड वर्षापूर्वी मशीन वर हलवलं आणि बाकं खालीच राहिली. नियम मिनिटामिनिटाने पाळला जात होता. मधला जिना कुणाच्या ध्यानातच आला नाही, त्यांच्याही नाही.

"आता इथंच बसा. अर्धा तास."

"अहो, माझी ड्युटी..."

"तुम्हीही बसा."

तो बसला. थोड्या वेळाने बायकोचे मिटलेले ओठ हळूहळू उघडले, ती तोंडाने श्वास घेऊ लागली. त्याने ते पाहिलं. अर्ध्या तासाने बाईंनी पुन्हा मास्क लावला. रेघ पार बसकी आली. दोनशे चाळीस.

त्रास आता वाढलाय, एवढं म्हणून बाईंना सुटता आलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी जुने दोन्ही रिपोर्ट काढले, प्रत्येकावर 'चाचणी चुकीची घेतली' असं लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली.

"त्या खोटं बोलत नव्हत्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चूक माझी. दोनदा. आणि अशा किती जणांना मी परत पाठवलंय, ते आता शोधायचंय."

त्यांनी दीड वर्षाची यादी पुढ्यात ओढली आणि पहिला नंबर फिरवला.

नवरा उठून दारापाशी गेला. त्यानेही फोन लावला.

"साहेब, आज येत नाही. बायको आजारी आहे." तो थांबला. "नाही, आजची नाही. तीन वर्षं झाली."